सासूबाईंनी फारशा गोळ्या घेतल्याच नाहीत, मग रिपोर्टमध्ये एवढे 'आर' कसे?

पत्र, थोडं कापून:

"नमस्कार ताई, माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या, शुगर आहे. मागच्या महिन्यात लघवीला जळजळ आणि बारीक ताप आला म्हणून आमच्या डॉक्टरांनी सेफिक्सिम दिलं, चार दिवसांनी पण फरक पडेना तेव्हा लघवीचं कल्चर केलं. रिपोर्टमध्ये ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह आलं आणि खाली औषधांच्या यादीत निम्म्याहून जास्त नावांपुढे आर. आर म्हणजे ते औषध चालत नाही एवढं कळलं. पण आई तर गोळ्यांच्या कायम विरोधात, कधी काही घेत नाहीत, फक्त मध्ये दाढ काढली तेव्हा, दिवाळीत पोट बिघडलं तेव्हा मेडिकलमधून आणलेली लूज मोशनची गोळी, आणि घसा धरला की ती तीन दिवसांची. आई म्हणतात माझ्या अंगाला गोळ्यांची सवय झाली. मिस्टर म्हणतात लॅब चुकली असेल, दुसरीकडे करू. माझी भीती वेगळीच आहे, चार वर्षांचा मुलगा आजीच्या कुशीत झोपतो, तिच्याच हातनं जेवतो, त्याला हे लागेल का? पोट साफ करायला प्रोबायोटिक, ताक असं काही चालू करू का? आता दुसरी गोळी लागू पडलीये, जळजळ थांबली, तरी खात्रीसाठी पुन्हा कल्चर करावं का? - एक सून, मिरज"

नमस्कार. पत्र वाचताना मी एका शब्दावर अडकले, तो तुमचा 'फक्त'. कधी काही घेत नाहीत म्हणालात आणि त्या फक्तमध्ये तीन अँटिबायोटिक्स बसवलीत. दाढ काढल्यावर बहुतेक अमॉक्सिसिलिनवालं काहीतरी दिलं असणार, घशाची तीन दिवसांची म्हणजे अझिथ्रोमायसिन, आणि लूज मोशनची गोळी म्हणून काउंटरवर जी हातात ठेवतात ती बऱ्याचदा ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली असते. मी दोष देत नाहीये हां, आपल्याकडे निम्म्या घरांत हेच उत्तर येतं, लोकांना या अँटिबायोटिक वाटतच नाहीत, 'साधी घशाची गोळी' वाटते. पण तुमच्या रिपोर्टची गोष्ट तिथपासून सुरू होते म्हणून आधी सांगून टाकलं.

मिस्टरांचं आधी घेते कारण ते पटकन होतं. लॅब चुकू शकते, नाही असं नाही, नमुना नीट घेतला नाही तर गडबड होते. पण ईएसबीएल, म्हणजे काही अँटिबायोटिक्स तोडून टाकणारं एन्झाइम, हे कुणी अंदाजाने लिहीत नाही. लघवीचा एक छोटा लूप प्लेटवर फिरवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी मॅकॉन्की नावाच्या मीडियमवर ई. कोलायच्या गुलाबी, कोरड्या वसाहती दिसतात, झाकण उघडलं की तो ओळखीचा वास येतो. मग त्यातला थोडा जंतू दुसऱ्या प्लेटवर कापसाने सगळीकडे पसरायचा आणि वर औषध भिजवलेल्या कागदाच्या बारक्या चकत्या ठेवायच्या. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाही, स्वच्छ गोल पडतो, तो पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. चालत नसेल तर गोल ठरलेल्या मापापेक्षा लहान येतो किंवा जंतू चकतीच्या अगदी काठाला येऊन भिडलेला असतो, ते म्हणजे तुमचं आर. ईएसबीएलसाठी आणखी एक गंमत करतात, सेफोटॅक्सिम किंवा सेफ्टाझिडिमची एक साधी चकती आणि शेजारी त्याच औषधात क्लॅव्हुलॅनिक ॲसिड घातलेली दुसरी, दुसऱ्या चकतीचा गोल पहिल्यापेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठा आला तर कळतं की हा जंतू सेफालोस्पोरिन गटाची अँटिबायोटिक्स तोडणारं एन्झाइम बनवतोय आणि क्लॅव्हुलॅनिकने त्याला अडवलं. हल्ली पुष्कळ ठिकाणी हे मशीन करतं, पण तत्त्व तेच. शिवाय तुमच्याकडे सगळ्यात मोठा पुरावा घरातच आहे, चार दिवस सेफिक्सिम घेऊन फरक पडला नाही, आणि सेफिक्सिम सेफालोस्पोरिनच आहे. तेव्हा दुसऱ्या लॅबचे पैसे वाचवा.

आता सासूबाईंचं, अंगाला सवय झाली. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता फार वाद घालत नाही, पण तुम्ही विचारलंय तर सांगते. अंगाला या औषधाची सवय होत नाही. बदल झालाय तो जंतूत, आणि तो जंतू त्यांच्या आतड्यात राहतो. याने फरक काय पडतो? खूप पडतो. अंगाला सवय लागली असती तर दुसऱ्या कुणाच्या पोटात तोच जंतू गेल्यावर त्या माणसाला सेफिक्सिम चाललं असतं. तसं होत नाही, ज्याने आयुष्यात एक गोळी घेतली नाही त्याच्या अंगातही तो जंतू आरच राहतो.

मग जंतूत बदल होतो कसा. शाळेत शिकवतात तो प्रकार म्हणजे म्युटेशन, जंतू वाढताना जीन्सची नक्कल करताना चूक होते, एखादी चूक नशिबाने उपयोगी पडते, औषधाच्या माऱ्यात तोच तेवढा वाचतो आणि त्याची पिल्लावळ होते. हे होतं, सिप्रो-ऑफ्लो गटाच्या औषधांना ई. कोलाय असाच बऱ्यापैकी निर्ढावतो. पण तेवढंच असतं तर एकाच वेळी सात-आठ औषधांपुढे आर यायला जन्म गेले असते. आणि नेमकं हेच कोडं १९५० च्या दशकात जपानमधल्या डॉक्टरांना पडलं होतं. तिकडे शिगेला नावाच्या जंतूने होणाऱ्या हगवणीची साथ होती, आणि अशा शिगेला सापडायला लागल्या ज्यांना सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन चारही औषधं एकदम चालत नव्हती. चार वेगवेगळी औषधं, चार वेगळ्या पद्धतीने मारणारी, आणि चारही एकदम फेल. त्याहून विचित्र म्हणजे त्याच पेशंटच्या पोटातला ई. कोलाय तपासला तर त्यालाही तीच चार चालत नव्हती, म्हणजे दोन वेगवेगळ्या जातींचे जंतू आणि यादी मात्र सेम. १९५९ मध्ये तोमोइचिरो आकिबा आणि कुनितारो ओचियाई यांच्या वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की हे दोन जंतू नुसते एकत्र ठेवले तरी चारही औषधांचा प्रतिकार एकाकडून दुसऱ्याकडे जातो, एका फटक्यात. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत यावर मोठा लेख लिहिला तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला याचं गांभीर्य कळलं. म्हणजे तुमच्या सासूबाई जन्मल्या साधारण त्याच सुमाराची ही माहिती आहे, नवीन काही नाही, आपण फक्त त्याप्रमाणे वागत नाही.

जातं काय तर प्लास्मिड नावाचं एक छोटं, गोल डीएनए. जंतूचं मुख्य डीएनए वेगळं, हे त्याच्या बाहेर स्वतंत्र असतं आणि स्वतःच्या नकला स्वतः काढतं. ज्याच्याकडे असं प्लास्मिड आहे तो जंतू केसासारखा एक धागा बाहेर काढतो, पिलस म्हणतात त्याला, शेजारच्याला धरतो, जवळ ओढतो, मग दोघं चिकटतात आणि प्लास्मिडच्या दोन पट्ट्यांपैकी एक पट्टी पलीकडे सरकते, अलीकडचा आपली गेलेली पट्टी परत बनवतो, पलीकडचा आलेल्या पट्टीला जोडीदार बनवतो. काही मिनिटांचं काम. शेजारणीला वाटीभर विरजण दिलं तर आपलं दही संपत नाही आणि तिच्याकडेही उद्यापासून रोज दही, परवा ती तिसरीला देऊ शकते, बरोबर तसंच. देणाऱ्याचं काही कमी होत नाही म्हणून तर हे पसरतं. आणखी पण मार्ग आहेत, मेलेल्या जंतूचं सुटं डीएनए उचलणं, किंवा जंतूंना लागणाऱ्या व्हायरसने चुकून एकाचा जीन दुसऱ्यात नेणं, पण आतड्यातल्या आपल्या या गोष्टीत मोठा खेळाडू प्लास्मिडच.

आणि याला आतड्यासारखी जागा नाही. शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जंतू असतात असा एक हिशोब २०१६ मध्ये मांडला गेला, त्यातले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात, एकमेकांना खेटून, उबेत, आयतं खाणं. त्यात ई. कोलाय तसा किरकोळ, शंभरातला एकसुद्धा नसतो. बाकीचे बॅक्टेरॉइडिस वगैरे ज्यांची नावं आपण कधी ऐकत नाही, ते सहसा त्रास देत नाहीत, पण प्रतिकाराचे जीन्स सांभाळून ठेवतात. बॅक्टेरॉइडिसमध्ये तर एक भलताच प्रकार आहे, त्यांच्यातला टेट्रासायक्लिन-प्रतिकाराचा एक जीन ज्या तुकड्यावर बसलेला असतो तो तुकडा थोडं टेट्रासायक्लिन मिळालं की जागा होतो आणि शेकडो पटीने जास्त वेगाने शेजाऱ्यांकडे जायला लागतो. म्हणजे ज्या औषधाने मारायचं तेच औषध पळायची शिट्टी वाजवतं! अमेरिकेत जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा १९७० च्या आधीच्या बॅक्टेरॉइडिसमध्ये हा जीन साधारण ३० टक्क्यांत होता, १९९० च्या दशकात ८० टक्क्यांच्या वर.

तुमच्या रिपोर्टमधला ईएसबीएलवाला जीन बघा. आपल्याकडे सगळ्यात जास्त जो दिसतो त्याच्या कुटुंबाला सीटीएक्स-एम म्हणतात, आणि हा ई. कोलायचा मूळचा नाहीच. तो क्लुव्हेरा नावाच्या एका साध्या जंतूच्या मुख्य डीएनएमध्ये बसलेला होता, जो पाण्यात, मातीत वगैरे सापडतो आणि आजार क्वचितच करतो. उड्या मारणारा एक छोटा डीएनएचा तुकडा त्याच्या शेजारी येऊन बसला, त्याला घेऊन प्लास्मिडवर उडी मारली, आणि प्लास्मिड ई. कोलायकडे आलं. असे जीन्स माणसाने औषधं शोधायच्या फार आधीपासून जगात आहेत, कॅनडाच्या युकॉनमध्ये ३०,००० वर्षं गोठलेल्या जमिनीतसुद्धा सापडलेत. आपण ते बनवले नाहीत, आपण त्यांना कामाला लावलं. त्यातला सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार तर पहिल्यांदा भारतातल्याच नमुन्यांत ओळखला गेला, २००१ मध्ये त्याची नोंद आली, आणि आता जगभर आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, ज्या औषधांचं नावही सासूबाईंनी ऐकलं नाही त्यांच्यापुढेही आर का. कारण एका प्लास्मिडवर एकच जीन नसतो. सीटीएक्स-एम-१५ सोबत त्याच प्लास्मिडवर पुष्कळदा आणखी एक जीन बसलेला असतो जो जेंटामायसिनच्या गटातल्या काही इंजेक्शनांना आणि थोडाफार सिप्रोलाही निकामी करतो, कधी टेट्रासायक्लिनचा, कधी सल्फाचा असतो. सगळे एकाच गाठोड्यात. तुम्ही सेफिक्सिम घेतलंत की सेफिक्सिमला न जुमानणारे वाचले, पण वाचताना सगळं गाठोडं घेऊन वाचले. म्हणजे दाढेसाठी घेतलेल्या गोळीने भलत्याच औषधाचा प्रतिकार पोटात वाढवलेला असू शकतो. आणि तुम्ही म्हणाल की मग गोळ्या बंद केल्या की जंतू हे ओझं टाकून देतील, थोडे देतात, पण बऱ्याच प्लास्मिड्सनी त्याचाही बंदोबस्त करून ठेवलाय, ते जंतूमध्ये एक विष आणि त्यावरचा उतारा दोन्ही बनवतात, विष टिकाऊ आणि उतारा पटकन संपणारा, जो जंतू प्लास्मिड हरवेल त्याला नवा उतारा मिळत नाही आणि तो मरतो. मला स्वतःला हा भाग दर वेळी वाचताना थोडा राग येतो आणि थोडं कौतुकही वाटतं.

गोळी दाढेसाठी घ्या, घशासाठी घ्या की कातडीवरच्या फोडासाठी, ती तोंडाने घेतली की पोटातल्या जंतूंना लागतेच, बरीचशी इंजेक्शनंही पित्तावाटे आतड्यात पोचतात. सर्दी व्हायरसने आलेली असते तेव्हा घशात मारायला काहीच नसतं, पण पोटात मार बसतो. साधे सौम्य जंतू मरतात, जागा मोकळी होते, आणि शंभरात एकसुद्धा नसलेला प्लास्मिडवाला ई. कोलाय तिथे हातपाय पसरतो.

तरी सगळं खापर त्या तीन गोळ्यांवर फोडू नका. गोळी न घेताही हे पोटात येतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये एक प्रयोग छापला, एका शेतावरच्या कोंबड्यांना टेट्रासायक्लिन घातलेलं खाद्य दिलं, आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू जवळजवळ सगळे प्रतिकारवाले झाले, आणि पाच-सहा महिन्यांत तिथे राहणाऱ्या माणसांच्या पोटातही प्रतिकारवाले जंतू बरेच वाढले, ज्यांनी ते औषध खाल्लंच नव्हतं. चांगला भाग असा की ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी तपासलेल्या बहुतेक माणसांमध्ये तो प्रकार ओसरला होता. आपल्याकडे कोलिस्टिन, जे हॉस्पिटलमध्ये अगदी शेवटी काढतात, ते पोल्ट्रीत सर्रास घालायचे, २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनचा प्रतिकारसुद्धा आता प्लास्मिडवर चढलाय, आणि जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. तर सांगायचं काय की पाणी, बाहेरचं खाणं, कच्चं चिकन कापलेला हात, दवाखान्यातली भरती, कुठूनही येतं. नेदरलँड्समध्ये सुमारे २००० प्रवाशांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला, जे निघताना स्वच्छ होते त्यातले ३४ टक्के परत येताना पोटात ईएसबीएल घेऊन आले, आणि जे आपल्याकडे म्हणजे दक्षिण आशियात येऊन गेले त्यांच्यातले ७५ टक्के. सुट्टीत काही आठवडे येऊन गेलेल्यांची ही गत, आपण तर इथेच राहतो. तुमच्या-माझ्या पोटात आत्ता नसेलच असं मी छातीठोक सांगणार नाही.

म्हणूनच मुलाबद्दल एवढं घाबरू नका. पोटात नुसता असलेला ईएसबीएल ई. कोलाय काही करत नाही, तो आजार नाही, साधा ई. कोलाय जसा राहतो तसा राहतो, जास्त विषारी वगैरे पण नसतो. त्रास तेव्हा देतो जेव्हा भलत्या जागी जातो, आणि सासूबाईंच्या बाबतीत तेच झालं, बायकांमध्ये लघवीचा मार्ग आखूड आणि शौचाच्या जागेजवळ, त्यात पाळी गेल्यानंतर तिथलं अस्तर पातळ होतं आणि शुगर असली की आणखी सोपं. घरातल्या घरात हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे खरं, पण कुशीत झोपल्याने नाही, शौचाचा हात तोंडापर्यंत पोचण्याने. आजीला नातवापासून लांब करू नका, उगाच त्यांना वाळीत टाकल्यासारखं होईल आणि उपयोग शून्य. संडासातून आल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात, नखं कापलेली, नातवाचे पण हात, बस. चिकन करत असाल तर कच्च्या चिकनची सुरी-पाट कोशिंबिरीला वापरायचा नाही, शिजल्यावर जंतू मरतातच. मुलाला कधी ताप आणि लघवीचा त्रास झालाच तर डॉक्टरांना सांगा की घरात ईएसबीएल निघालेलं आहे, त्याचं आत्ता काहीही तपासायची गरज नाही.

ताक प्या, दही खा, आवडत असेल तर. पण त्याने प्लास्मिड निघून जातात, पोट 'साफ' होतं, असा काही भरवशाचा पुरावा नाहीये. प्रोबायोटिकचंही साधारण तेच, अँटिबायोटिकने होणारे जुलाब काही प्रकारांनी कमी होतात, त्यासाठी डॉक्टरांनी दिलं तर द्या, पण जंतू घालवायला म्हणून महिने-महिने महागड्या कॅप्सूल नकोत. इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासात, २०१८ चा, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या पोटातली मूळची वस्ती परत यायला उलट उशीर लागला. अभ्यास लहान आहे, त्यावरून डबा फेकून द्या असं मी म्हणणार नाही, पण 'घेतलेलं बरं, नुकसान तर नाही' हे वाक्य मी आता वापरत नाही. अँटिबायोटिकने पोट साफ करणं तर अजिबात नको, तुमच्या ओळखीत कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या, तो जंतू जाणार नाही आणि गाठोड्यात आणखी एक जीन येईल. त्याला घालवायचं औषध म्हणजे वेळ. त्या डच प्रवाशांमध्ये निम्म्यांच्या पोटातून तो महिन्याभरात गेला होता, वर्षाने साधारण ११ टक्क्यांकडे शिल्लक होता. आपल्याकडे पुन्हा पुन्हा नव्याने येत राहतो म्हणून हिशोब इतका छान नसेल, पण दिशा तीच. पोटाला सावरायला सवड द्यावी लागते, दुसऱ्या एका प्रयोगात १२ धडधाकट पुरुषांना चार दिवस तीन जबर अँटिबायोटिक्स दिली, दीड महिन्यात बहुतेक वस्ती परत आली, पण आधी सगळ्यांत असलेल्या जंतूंच्या नऊ जाती त्यांच्यातल्या बहुतेकांत सहा महिन्यांनी पण सापडल्या नाहीत.

मग पुढच्या वेळी काय. लूज मोशनला पहिलं काम ओआरएस, लहान मुलांना सोबत झिंक, शौचात रक्त असेल, जास्त ताप असेल, पाणी अंगात राहत नसेल तर डॉक्टर, मेडिकलच्या काउंटरवरून ती जोडगोळी नाही. ज्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ आहे ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, त्यासाठीच ती रेघ छापतात, २०१६ मध्ये सरकारने त्याची मोहीम पण काढली होती, कुणाच्या लक्षात आहे देव जाणे. आणि 'कोर्स पूर्ण करा' याबद्दल एक सांगते कारण तुम्ही विचाराल, डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितले तेवढे घ्या, स्वतःहून मध्येच सोडू नका, पण 'जास्त घेतलं तर जास्त पक्कं' म्हणून स्वतःहून दोन दिवस वाढवू पण नका, प्रत्येक जादा दिवस पोटातल्या जंतूंवर जादा मारा असतो. हल्ली डॉक्टरसुद्धा साध्या युरिन इन्फेक्शनला छोटे कोर्स देतात, तर 'एवढ्याच गोळ्या?' म्हणून रुसू नका. तुमचं ते उरलेलं सेफिक्सिम पुढच्या तापासाठी डब्यात ठेवलं असेल, मला खात्री आहे ठेवलं असणार, ते काढा. संडासात फ्लश करू नका, मोरीतही नाही.

दुसरी गोळी कुठली दिली ते तुम्ही लिहिलं नाही. बहुतेक नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची पुडी असेल, मूत्राशयापुरतं इन्फेक्शन असेल तर ईएसबीएलवरही ही बऱ्याचदा चालतात. नायट्रोफ्युरँटॉइनचा मला आवडणारा गुण म्हणजे ते वरच्या आतड्यातच शोषलं जातं आणि लघवीत जाऊन साठतं, मोठ्या आतड्यातल्या वस्तीला फारसा धक्का लावत नाही. पण किडनी कमजोर असेल तर ते चालत नाही आणि शुगरच्या पेशंटमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघायलाच लागतं, म्हणून पुढच्या वेळी 'मागच्या वेळची तीच गोळी' स्वतः आणू नका.

आणि शेवटचा प्रश्न, पुन्हा कल्चर. नका करू. जळजळ थांबलीये, ताप नाही, मग तपासायचं कशाला? सासूबाईंच्या वयात, त्यातून शुगर असताना, काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडणं फार कॉमन आहे, रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल, घरातले घाबरतील, कुणीतरी भारी अँटिबायोटिक लिहून देईल आणि उपयोग काहीच होणार नाही, गरोदर बाई किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी. नुसती लघवी गढूळ दिसली, वास आला, एवढ्यावरही नाही. पण पुन्हा जळजळ सुरू झाली तर गोळी सुरू करायच्या आधी कल्चर द्या, नंतर नाही. आणि थंडी वाजून ताप, कमरेत एका बाजूला दुखणं, उलट्या, किंवा सासूबाई एकदम गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या तर घरी थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल, तिथे मेरोपेनेम किंवा अर्टापेनेमसारखं इंजेक्शन सुचवलं तर 'एवढं भारी कशाला' म्हणून अडवू नका, ईएसबीएल किडनीपर्यंत गेलेला असेल तर ते बरोबरच असतं. आत्ताच्या रिपोर्टचा फोटो तुमच्या आणि मिस्टरांच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, पुढच्या वर्षभरात कुठलाही डॉक्टर, अगदी दातांचा असला तरी, अँटिबायोटिक लिहायला लागला की आधी तो दाखवा.